एटी कलिनन आणि बारा पेट्या

एटी कलिननला कोणी ‘जरा सबुरीनं घे’ म्हटलं, की ती आणखी भरभर चालायला लागायची. पन्नास वर्षं मी तिला ओळखत होते आणि पन्नास वर्षांत तिनं माझं एकदाही ऐकलं नाही. ही तक्रार नव्हे. ती ऐकणारी बाई असती, तर तिच्यावर लिहायचं मला काही कारणच नव्हतं.

आमचं हॅलरन्स गॅप हे गाव जगलं ते वीस मिनिटांवर. डोंगर चढून येणारी प्रत्येक गाडी इथं वीस मिनिटं थांबायची. इंजिन पाणी प्यायचं, पुढच्या चढणीसाठी मागून ढकलणारं दुसरं इंजिन जोडलं जायचं, आणि तेवढ्यात उतारू स्टेशनातल्या खानावळीवर तुटून पडायचे. मी सांधेवाल्याची मुलगी, नोला. त्या खानावळीत मी चहा आणि मटणाचे पॅटिस विकायचे. एटीचं काम फलाटाच्या टोकाला, पेट्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

पेट्या म्हणजे पाय शेकायच्या पेट्या. लांबट, पोलादी, आत मिठासारखं काहीतरी भरून कायमच्या झाळलेल्या. तासभर कढत पाण्यात उकळल्या की आतलं मीठ वितळायचं आणि पेटी दोन-तीन तास धग द्यायची. गार पडत आली की ती जोरानं हलवायची, म्हणजे परत तापायची. असं का होतं ते आमच्या शाळामास्तरांनाही सांगता यायचं नाही. पाणी भरलेल्या बादलीएवढं वजन, आणि अशा दोन-दोन पेट्या हातात गोणपाट गुंडाळून एटी धावत न्यायची. आमच्या दक्षिण गोलार्धात हिवाळा जुलैत येतो, हिम पडतं आणि डब्यांच्या खिडक्या कधीच नीट लागायच्या नाहीत, त्यामुळे पेटीला मोल होतं.

नियम असा होता, की पेट्या आधी पहिल्या वर्गाला द्यायच्या. उरल्या तर दुसऱ्या वर्गाला. एटी मात्र शेवटच्या, दुसऱ्या वर्गाच्या डब्यापासून सुरू करायची.

यामागं तिचा नवरा होता. बार्नी कलिनन गँगमन होता, रुळांची डागडुजी करणारा. सव्वीस सालच्या जुलैत बोगद्यात त्याच्या पायावर दरड कोसळली. ओल्या कपड्यांतच त्याला दुसऱ्या वर्गाच्या बाकावर आडवा घातला आणि खालच्या शहरातल्या इस्पितळात न्यायला काढला. पाच तासांचा प्रवास. एटीनं त्यावेळच्या पेटीवाल्याकडे एक पेटी मागितली. शेडमध्ये चार तापलेल्या पेट्या होत्या, तिनं डोळ्यांनी पाहिल्या होत्या. तो म्हणाला, “पुढच्या गाडीच्या पहिल्या वर्गासाठी आहेत.” पाच तास ती नवऱ्याची पावलं तळहातांनी चोळत बसली. हाड जुळलं असतं, पण थंडी छातीत भरली आणि चौथ्या दिवशी बार्नी गेला. रेल्वेनं विधवेवर दया दाखवली. राहायला क्वार्टर दिलं, आणि पेटीवाला निवृत्त झाला तेव्हा त्याचं काम दिलं. हेच काम बरोबर तिच्या हाती पडलं याचा मला अजूनही आनंद होतो.

सात-आठ वर्षं कुणाच्या काही लक्षात आलं नाही, कारण पेट्या चाळीस होत्या आणि सगळ्यांना पुरत होत्या. मग मंदीचं चौतीस साल आलं. कोळसा वाचवा असं फर्मान निघालं. रोज फक्त बारा पेट्या उकळायच्या. पहिल्या वर्गाला लागायच्या बरोबर बारा.

फर्मान वाचून एटीनं ते चुलीत घातलं. बारा पेट्या उकळल्या आणि नेहमीसारखी शेवटच्या डब्याकडे निघाली. मी खानावळीच्या दारातून ओरडले, “एटी, बाराच आहेत!”

“मला मोजता येतं गं.”

“अगं, पुढच्यांना काय देणार?”

“त्यांच्याकडे फरचे कोट आहेत. इथं बुटांना तळ नाहीत. तू तुझा चहा बघ, पाण्यासारखा झालाय म्हणून ओरड आहे.”

तीन आठवडे हे चाललं. मग फरच्या कोटातल्या कुठल्याशा बाईंनी वर पत्र लिहिलं आणि ऑर्मरॉड नावाचे तपासनीस दुपारच्या गाडीनं आले. उंच माणूस, गुळगुळीत दाढी केलेली, हातात कातडी मोजे. बाहेर भुरभुर हिम पडत होतं. आमचे स्टेशनमास्तर फिंच त्यांच्या मागं असे उभे, जणू चूक त्यांचीच.

ऑर्मरॉड थेट शेवटच्या डब्याशी आले. एटी नुकतीच आतून उतरत होती.

“मिसेस कलिनन, या पेट्या कुणाच्या?”

“ज्यांच्या पायाखाली आहेत त्यांच्या.”

“मी चेष्टा करायला आलो नाही. या बाराही पेट्या काढायच्या आणि पहिल्या वर्गात नेऊन ठेवायच्या. आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर तुमची नोकरी संपली आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत क्वार्टरची किल्ली मास्तरांच्या टेबलावर. तुम्हाला दुसरं घर आहे का?”

“नाही.”

“मग विचार करून बोला.”

मी हातात किटली घेऊन उभी होते. मला खरंच वाटत होतं, की ती आता मान खाली घालेल. माझे बाबा संपात उतरल्यावर आमच्याही क्वार्टरवर असाच माणूस आला होता आणि आईनं मान खाली घातली होती. मी आईला दोष देत नाही. आम्ही घरात पाच भावंडं होतो.

एटीनं हाताला गुंडाळलेलं गोणपाट सोडलं आणि फलाटावर टाकलं.

“मी ठेवल्या. काढायच्या असतील तर तुम्ही काढा.”

ऑर्मरॉडांचा चेहरा लालबुंद झाला. पण सगळा फलाट बघत होता, मागं फिरणं शक्य नव्हतं. ते डब्यात चढले. आत काम शोधत फिरणारे पाच-सहा मेंढ्या कातरणारे गडी आणि एक म्हातारी होती. म्हातारीनं बूट काढून दोन्ही पावलं पेटीवर ठेवली होती.

“बाई, पाय उचला.”

म्हातारी खिडकीबाहेर बघत राहिली. तिला ऐकू येत होतं, एवढं मला माहीत आहे. मघाशीच तिनं माझ्याकडून चहा घेताना घासाघीस केली होती.

“तुम्ही उचला,” ऑर्मरॉड शेजारच्या गड्याला म्हणाले.

“उचलतो की साहेब. आधी तुमचे मोजे द्या. नाही, पायातले.”

डबा हसला. साहेबांनी वाकून त्या गड्याच्या पायाखालची पेटी दोन्ही हातांनी धरली. पातळ कातडी मोजे आणि कढत पोलाद. ती पेटी गोणपाटानं का धरतात हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी अशी बोंब मारली, की पुढच्या इंजिनातला ड्रायव्हर डोकावला. पेटी धाडकन पडली ती त्यांच्याच बुटावर.

“आता जरा हलवा तिला,” एटी खालून म्हणाली, “आणखी तापेल.”

हात काखेत दाबून लंगडत ते उतरले आणि फलाटावरच त्यांनी तिला बडतर्फ केलं. गार्डनं शिट्टी दिली. बाराही पेट्या जिथं होत्या तिथंच बसून डोंगर चढून गेल्या.

शुक्रवारी एटीनं किल्ली मास्तरांच्या टेबलावर ठेवली. सामान एका ढकलगाडीत मावलं. बार्नीचं फावडं तिनं वर ठेवलं. मी म्हटलं, “आमच्याकडे चल.” ती म्हणाली, “तुमच्या क्वार्टरवर त्यांचा डोळा पडायला नको.” फक्त ती एक रात्र ती चर्चच्या ओसरीत झोपली, कारण शनिवारी सकाळी गँगमन कामाला लागले.

रेल्वेच्या कुंपणापलीकडे सरकारी पडीक जागा होती. तिथं बार्नीच्या गँगनं घर उभं केलं. भिंतींना रुळांखालचे बाद झालेले लाकडी स्लीपर, उभे, एकाशेजारी एक. छपराला पत्रे, ते कुठून आले हे विचारायचं नाही. क्लॅरी व्हॉस नावाचा तिशीतला गँगमन मुकादमासारखा ओरडत होता. पहिला स्लीपर त्यानंच गाडला. फिंच मास्तर कुंपणाशी आले, जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मला काही दिसत नाही. ऊन फार डोळ्यांवर येतंय.” आभाळ काळं होतं आणि गारा पडत होत्या. त्या दिवसापासून फिंच मास्तरांबद्दलचं माझं मत बदललं.

घर कुठं बांधलं, ते बघा. गाडी थांबली की दुसऱ्या वर्गाचा शेवटचा डबा बरोबर त्या कुंपणासमोर यायचा. एटी खानावळीचे टेबलपोस धुवायची, त्यावर पोट चालायचं. पण कपडे उकळायच्या हंड्याखाली जाळ असायचाच. त्या जाळात ती विटा तापवायची, गोणपाटात बांधायची आणि कुंपणावरून डब्याच्या खिडकीत द्यायची. पुढच्या स्टेशनात उतारू विटा गार्डकडे देत, आणि उतरणीच्या गाडीनं त्या परत यायच्या. सगळ्या परत यायच्या नाहीत. एटी शिव्या घालायची आणि नवी वीट शोधायची. असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात वरून हुकूम आला, की चाळीसही पेट्या उकळाव्यात आणि दोन्ही वर्गांना द्याव्यात. एटीला कुणी परत बोलावलं नाही. चुकलो असंही कुणी म्हणालं नाही. तिनं त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा केक करून खाऊ घातला. केक करपला होता, आम्ही दोघींनी सगळा संपवला.

मग डिझेल इंजिनं आली. ती दमत नाहीत, त्यामुळे गाड्या थांबेनाशा झाल्या. खानावळ बंद पडली, तरणी माणसं निघून गेली. जे उरलं त्याला लोक वारसा म्हणू लागले. एकोणसत्तर साली लाइनीला शंभर वर्षं झाली तेव्हा वारसा समिती नेमली गेली, वाफेची गाडी आणायचं ठरलं, आणि समितीचे चिटणीस एटीच्या दारात आले. ती तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

चिटणीस गोड बोलले. म्हणाले, “आजी, तुम्ही म्हणजे आमचा जिवंत इतिहास. पांढरा एप्रन घालायचा, जुनी पेटी पहिल्या वर्गात न्यायची आणि प्रमुख पाहुण्यांच्या पायाखाली ठेवायची. फोटो निघेल. एवढंच.”

“आणि?”

“आणि एक छोटी गोष्ट. नव्यानं मोजणी झाली आहे. तुमचं निम्मं घर रेल्वेच्या हद्दीत येतंय. तिथं मोटारी लावायची जागा करायची आहे. पण पाहुणे रेल्वेचेच वरिष्ठ, निर्णय त्यांच्याच हाती आहे. ते खूश झाले तर घरालाच वारशाचा दर्जा मिळेल. मग कुणी हात लावणार नाही.”

एटीनं चहाचा घोट घेतला. “पेटी ठेवीन मी,” ती म्हणाली.

चिटणीस गेल्यावर मी रडले. मला वाटलं, म्हातारपणानं तिला गाठलंच. पण तिनं ती पेटी ठेवावी असंच मनातून मलाही वाटत होतं. तिचं घर वाचावं असं मला फार वाटत होतं, आणि ते मी तिला स्पष्ट सांगितलं.

“एप्रनला इस्त्री कर,” ती म्हणाली.

समारंभाच्या दिवशी वाजंत्री, झेंडे, बाया टोप्या घालून. पहिल्या वर्गाच्या डब्याला नवा रंग, प्रमुख पाहुणे दाराशी, फोटोवाले रांगेनं. शेवटच्या डब्यात जुने गँगमन आणि त्यांच्या बायका फुकटच्या तिकिटावर बसवलेल्या, खिडकीची एक काच फुटलेली. पेटी एटीला एकटीला उचलेना, म्हणून दुसरं टोक मी धरलं. हाताला गोणपाट.

पहिल्या वर्गाचं दार आलं. मी थांबले. पेटीला हिसका बसला, कारण एटी थांबलीच नव्हती.

“मिसेस कलिनन,” पाहुणे हसत म्हणाले, “आम्ही इथं आहोत.”

“दिसताय मला,” एटी म्हणाली. “पस्तीस वर्षांपूर्वीही तुमच्यासारखे तिथंच होते.”

“आजी! आजी, घराचं काय ठरलंय आपलं?” चिटणीस मागून पळत आले आणि हळू आवाजात म्हणाले, “जरा सबुरीनं.”

तिच्या गेलेल्या गुडघ्यांतून तो वेग कुठून आला देव जाणे. मी अक्षरशः फरफटत गेले. शेवटच्या डब्यात क्लॅरी व्हॉस बसला होता, आता पासष्टीचा, दोन काठ्या घेऊन. एटीनं पेटी त्याच्या पायाखाली ठेवली आणि बुटाच्या टोकानं नीट सरकवली.

“गरम आहे का रे?”

“आहे. आणि हे काय चाललंय?”

“काही नाही. गार पडली की हलव.”

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात क्लॅरीच्या पायाखालच्या पेटीचाच फोटो आला. पाहुण्यांचा आलाच नाही. पंधरवड्यात घर पाडण्याची नोटीस आली. एटीनं ती दोनदा वाचली, पाण्यात भिजवून तिचा लगदा केला आणि उत्तरेच्या भिंतीतल्या स्लीपरांच्या फटीत ठासून भरला. पाडायला मजूर पाठवले, तर ते सगळे गँगमनांची पोरं-नातवंडं. त्यांनी चहा घेतला आणि पहार हरवली असं सांगून परत गेले. पुढच्या नोटिशीचंही तेच झालं.

शहात्तर साली एटी या घरात, स्वतःच्या खाटेवर गेली. घर तिनं मला ठेवलं. जुन्या स्टेशनात आता संग्रहालय आहे. तिथं काचेमागे एक पेटी आहे आणि खाली पाटी: पहिल्या वर्गाच्या उतारूंच्या सोयीसाठी. मी दर शनिवारी जाऊन त्यावर ‘शेवटच्या डब्यासाठी’ असा माझा कागद चिकटवते, सोमवारी संग्रहालयवाले तो काढतात.

नोटिसा अजून येतात. मागच्याच महिन्यात एक आली, चांगल्या जाड कागदाची. पश्चिमेच्या भिंतीतून वारा फार येत होता, तो आता बंद झाला.