मामाचा पेइंग गेस्ट

माझ्या धाकट्या मामाइतका शूर आणि मामाइतका भित्रा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये नसेल, आणि ही दोन्ही माणसं एकाच झब्ब्यात राहतात. समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी मुंबईत मोर्चे निघू लागले तेव्हापासून मामा त्यांत आहे. तेव्हा चालणारे मूठभर, पोलीस त्यांहून जास्त. मामा पुठ्ठ्याचा मुखवटा लावून गेला, पण खांद्याला पिशवी मात्र रोजच्या बाजाराचीच, पट्ट्यापट्ट्यांची. वाटेत, शहरात माल घ्यायला आलेला आमचा भाजीवाला भेटला. मुखवट्याकडे बघून म्हणाला, "काका, उद्या गवार येणार आहे." मामाने घोषणा न थांबवता मान डोलावली.

आता मुखवटे गेले, अशा नात्याला गुन्हा ठरवणारं कलमही कोर्टाने काढलं. मोर्च्यात नाचणाऱ्या पोरांना मामा चिवडा वाटतो आणि दटावतो, "घशातून काय ओरडता रे, पोटातून आवाज काढा. आमच्या वेळी माणसं कमी, आवाज पुरवून वापरावा लागायचा." पोरं त्याच्या पाया पडतात.

पण सोसायटीच्या फाटकात शिरला की याचाच आवाज बसतो, कारण घरात देसाईकाका असतात. मला कळायला लागल्यापासून दोघं एकत्र राहतात. काका मामाच्या गोळ्या सांभाळतात, मामा काकांच्या शर्टांना इस्त्री करतो आणि शेजाऱ्यांना सांगतो, "आमचे पेइंग गेस्ट." दोघांचे केस पांढरे झाले तरी गेस्टच. काका हसून सोडून देत. एकदाच मला म्हणाले, "कोर्टाने मानलं गं, याच्या तोंडून कधी निघणार? मरायच्या आधी एकदा ऐकायचंय."

आमच्या सोसायटीत सत्यनारायणाला दर वर्षी एकेका घरचं जोडपं बसतं. मामा "मी एकटा माणूस" म्हणून पाळी टाळायचा. यंदा सेक्रेटरी सावंतबाईंनी त्याला दारातच गाठलं. "एकटे कसले? भाजीवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. दोघं बसा ना, प्रसादाचं मी बघते."

दोघं बसले. संकल्पाच्या वेळी बायको नवऱ्याच्या हाताला हात लावते, तिथं गुरुजी अडखळले. "हे आपले कोण?"

सगळी सोसायटी बघत होती. मामाचा आवाज कसाबसा घशातून आला. "माझा जोडीदार. पहिल्यापासून."

"मग लावा हात," गुरुजी म्हणाले आणि पुढचा मंत्र सुरू केला.

एवढं एक वाक्य बोलायला मामाला म्हातारं व्हावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं. संकल्प सोडून झाला, कथा सुरू झाली, तरी काकांनी मामाच्या हातावरचा हात काढला नव्हता, आणि कोणीच त्यांना काढायला सांगितलं नाही.