मी बंद ठेवलेला फोन

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बोलण्यात ती निघायची वेळ आली की मी विषय बदलत आलो. माझी मोठी बहीण, आक्का, जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या मुलुंडच्या घरी अजून सगळे असंच समजतात की शेवटच्या वर्षी माझा लँडलाइन साडेतीन महिने बंद होता तो फायबर कंपनीच्या घोळामुळे. कंपनीचा काहीही घोळ नव्हता. फोन मी बंद ठेवला होता.

मी बोरिवलीला राहतो. बायको गेल्यापासून एकटाच, मुलगा परदेशात. नोकरीत असताना ऑफिसातले कॉम्प्युटर आणि त्यांच्या वायरी सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे घरातलं मशीन दुसऱ्याच्या मर्जीवर चाललेलं मला खपत नसे. जुन्या कनेक्शनच्या वेळी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन फेऱ्या मारून चार अँटेनांचा राउटर मी स्वतः निवडून आणला होता. मग फायबर घेतलं. कंपनीच्या माणसानं दरवाज्याच्या वर भोक पाडून बारीकशी वायर आत घेतली आणि भिंतीवर एक पांढरा बॉक्स ठोकला. वायफाय त्यातच, आणि मागे टेलिफोनची पिन लावायला जागा. तीस वर्षांचा आमचा नंबर तसाच त्या बॉक्सवर आला. माझा राउटर बघून तो माणूस हसला.

“काका, हे आता कशाला? भंगारवाल्याला देऊन टाका.”

मला ते लागलं.

महिनाभर त्याचा बॉक्स वापरून पाहिला. आतल्या खोलीत नेट रडत होतं, मुलाचा चेहरा व्हिडिओवर अर्ध्या वाक्यात थिजायचा. एका दुपारी मी चष्मा लावून बसलो, इंटरनेटवर वाचलं आणि कंपनीचा बॉक्स ब्रिज मोडवर टाकला. म्हणजे त्यानं नुसती लाइन पुढे द्यायची, बाकी सगळं माझा राउटर बघणार. राउटरचे दिवे एकेक करत हिरवे झाले. आतल्या खोलीत झकास नेट आलं. त्या दिवशी कुणाला तरी बोलावून ते दाखवावंसं वाटलं होतं.

संध्याकाळी लक्षात आलं की बॉक्सवरचा फोनचा दिवा गेलाय. रिसीव्हर कानाला लावला, आत शुकशुकाट. फोनची सोय त्या बॉक्सच्या ज्या भागात होती, तोच भाग मी बंद करून बसलो होतो. पुन्हा सुरू करणं दहा मिनिटांचं काम होतं. उद्या करू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले आणि फोन वाजला नाही.

आक्का रोज अकराला फोन करायची. काचबिंदूनं तिची नजर गेली होती. मोबाइलची गुळगुळीत काच तिच्या काही उपयोगाची नव्हती, पण लँडलाइनच्या पाचच्या बटणावर एक बारीक टिंब असतं, ते चाचपून ती माझा आठ आकडी नंबर न चुकता दाबायची. साडेदहाला कामवाली जायची, भाचा आणि त्याची बायको रात्री आठला यायची. मधल्या वेळात घरात ती एकटी. “जेवलंस काय रे?” इथून सुरुवात. मग सुनेनं भाजीत गूळ घातला, गावी कोण गेलं, आणि लहानपणी मी आईनं वाळत घातलेली आमसुलं खाऊन दोन दिवस कसा आडवा झालो होतो. चाळीस मिनिटं. मी रिसीव्हर टेबलावर ठेवून पेपर वाचायचो आणि मधूनमधून “हं” करायचो.

एकदा तिनं पकडलं. “पान उलटलंस ना आता? डोळे गेलेत रे माझे, कान नाय गेले.”

“नाही गं, पंख्याचा आवाज आहे.”

“पंखा राजकारणाचं पान वाचतो वाटतं तुझ्याकडे,” म्हणाली आणि हसत सुटली.

तर त्या दिवशी फोन वाजला नाही आणि मला बरं वाटलं. हेच लिहायचं मी इतकी वर्षं टाळत होतो. पेपर पूर्ण वाचला, कोडंही सोडवलं. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशीही मी बॉक्सला हात लावला नाही.

आठवड्यानं भाच्याच्या बायकोचा मोबाइलवर फोन आला. “मामा, तुमचा लँडलाइन लागत नाही. आई रोज लावतात, ती रेकॉर्डवरची बाई बोलत राहते.”

“अगं, फायबर घेतलं ना. या लोकांनी वाट लावलीय. कम्प्लेंट केलीय मी.”

“कम्प्लेंट नंबर द्या, मी ऑफिसातून फॉलोअप करते.”

“नको नको, तुझ्यामागे आधीच कमी आहे का? बघतो मीच.”

मग तिनं मोबाइल आक्काच्या कानाला लावला. सून शेजारी उभी, स्वयंपाक अर्धा राहिलेला. गुळाच्या भाजीबद्दल आक्का काय बोलणार? “बरी आहे रे. तू बरा आहेस ना? ठेवते.” तिचं खरं बोलणं अकराला व्हायचं, एकटी असताना. हे मला तेव्हाही कळत होतं.

असे साडेतीन महिने गेले. मधे दोनदा सुनेनं विचारलं, दोनदा मी कंपनीला शिव्या घातल्या.

एका सकाळी दूधवाल्याला काहीतरी सांगायला गेलो तर घशातून आवाजच फुटेना. खाकरून बोलावं लागलं. आत येऊन आठवायला लागलो की आपण शेवटचं कुणाशी बोललो. तीन दिवसांपूर्वी, वॉचमनशी, पाण्याच्या टाकीबद्दल. मुलाचा रविवारचा फोन त्या आठवड्यात आला नव्हता. घरभर सुरेख नेट होतं आणि त्यावरून माझ्याकडे येणारं कुणी नव्हतं. तेव्हा मी उठून बॉक्स पूर्ववत केला. आक्काची दया येऊन नाही. मला कुणाचा तरी आवाज हवा होता. आणि माझा राउटर काढावाही लागला नाही. बॉक्स मूळच्या सेटिंगवर ठेवून एका वायरीनं राउटर त्याच्या मागे जोडला, तरी आतल्या खोलीतलं नेट तसंच चाललं. पहिल्या दिवशीच दोन्ही एकत्र चाललं असतं.

अकराला मी तिचा नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. दोनदा, तीनदा लावला.

संध्याकाळी सुनेला विचारलं. “अहो मामा, तो काढून टाकला आम्ही मागच्या महिन्यात. आम्हीपण फायबर घेतलं. त्या बॉक्सला फोन जोडायचा का असं कंपनीच्या माणसानं विचारलं होतं, पण आई नको म्हणाल्या.”

“नको म्हणाली?”

“म्हणाल्या, मी फक्त भावालाच लावायचे, आता कुणाला लावू? त्याची लाइन कंपनीवाले काय देत नाहीत.”

त्यानंतर एका रविवारी मी मुलुंडला गेलो. बसमध्ये वाक्य जुळवत होतो. आरे कॉलनीच्या बाजूनं बस चालली होती, खिडकीबाहेर झाडं होती, आणि मी तोंडातल्या तोंडात तेच ते म्हणत होतो. शेजारच्या बाईनं एकदा माझ्याकडे वळून पाहिलं.

आक्का पलंगावर बसली होती, आणखी वाळलेली. भाचा बाजारात गेला होता, सून चहा टाकायला आत गेली. खोलीत आम्ही दोघंच. पुढे मी मनाची समजूत घालत आलो की तिला एकटीला गाठायची संधीच मिळाली नाही. ते खोटं आहे. चांगली दहा मिनिटं होती.

तिनं हात पुढे करून माझा हात शोधला. “एवढ्या लांबून आलास? जेवलंस काय?”

“जेवलो.”

“त्या कंपनीवाल्यांनी फार छळलं ना रे तुला? मी हिला म्हणायचे, तो एकटा माणूस, किती ठिकाणी कम्प्लेंट करणार.” माझ्या हातावर ती थोपटत राहिली. “जाऊ दे. जीवाला लावून घेऊ नकोस.”

“हो,” मी म्हटलं. “फार त्रास दिला.”

सून चहा घेऊन आली. पुढच्या महिन्यात आक्का झोपेतच गेली.

बसमध्ये जुळवलेलं वाक्य एवढंच होतं: “आक्का, लाइन बिघडली नव्हती. मला तुझा कंटाळा आला होता म्हणून मीच फोन बंद ठेवला. माझं चुकलं गं.”