उबदार कपाटातलं बेट

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत गरम पाण्यात होते. शनिवारची सकाळ होती आणि मँचेस्टरच्या युनिव्हर्सिटीत, झूऑलॉजी डिपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर, मी नेहमीप्रमाणे प्लॅस्टिकचे डबे धूत होते. फोन त्यांच्या मुलीचा, मृणालचा. "मावशी, आई गेली... पहाटे, झोपेतच. शी वॉज कम्फर्टेबल." मी "आलेच" म्हटलं, फोन ठेवला आणि राहिलेले चार डबे धुऊन, पुसून जागेवर लावले. आता सांगताना विचित्र वाटतं, पण डबे ओले टाकून गेले असते तर कुमुदताईंनी मला वरूनही सोडलं नसतं. रडले ती नंतर, ट्रॅममध्ये. समोरच्या बाईंनी टिश्यू पुढे केला आणि मला संकोच नको म्हणून लगेच खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्याला आता सहा आठवडे झाले.

इथल्या आमच्या मराठी मंडळात डॉक्टर पैशाला पासरी. कुमुदताईंचे यजमानही सर्जन होते, आणि डॉक्टरांच्या बायकांनी काय करायचं याची आमच्याकडे एक न लिहिलेली यादी असते, तीत गोगलगायी बसत नाहीत. सांगलीहून झूऑलॉजीची डिग्री घेऊन आलेल्या या बाईंनी मृणाल शाळेत जायला लागल्यावर युनिव्हर्सिटीत टेक्निशियनची नोकरी धरली आणि एका बेटावरच्या गोगलगायी सांभाळायला घेतल्या. गणपतीच्या कार्यक्रमात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुणीतरी त्यांना चिडवत होतं, "काय कुमुदताई, गोगलगाय अन् पोटात पाय?" त्यांनी मोदक खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "पोटात नाही हो. तिचं पोट हाच तिचा पाय." मग पुढची वीस मिनिटं त्या बाबाला मोदक काही खाता आला नाही. मला त्या तिथेच आवडल्या. आम्ही दोन गल्ल्या सोडून राहत होतो, हे नंतर कळलं.

त्या बेटाची गोष्ट त्या सगळ्यांना एकाच पद्धतीनं सांगायच्या. पॅसिफिक महासागराच्या मधोमध, नकाशावर माशी बसली तर झाकलं जाईल एवढं बेट. तिथल्या झाडांवर, पानांच्या खालच्या बाजूला, नखाएवढ्या पट्टेरी गोगलगायी राहायच्या. जगात दुसरीकडे कुठेही नाहीत अशा. मग कुणीतरी खाण्यासाठी म्हणून आफ्रिकेची मोठी गोगलगाय आणली, ती सुटली आणि शेतं खायला लागली. तिचा बंदोबस्त करायला साहेबलोकांनी तिसरीच, मांसाहारी गोगलगाय आणून सोडली. "उंदीर झाले म्हणून मांजर आणलं," कुमुदताई म्हणायच्या, "आणि मांजरानं उंदीर सोडून पिंजऱ्यातले पोपट खाल्ले." त्या पार संपायच्या आत काही संशोधकांनी हाताला लागल्या तेवढ्या छोट्या गोगलगायी डब्यात घालून आणल्या आणि निरनिराळ्या प्राणिसंग्रहालयांत, प्रयोगशाळांत वाटून दिल्या. त्यातले काही डबे कुमुदताईंच्या वाट्याला आले. डबे साधे, सँडविचचे असतात तसे. तळाला ओला टिश्यू पेपर, झाकणाला बारीक जाळी, आणि जेवणाला ओट्स, वाळक्या खाजकुइलीसारख्या पाल्याची पूड आणि कटलफिशच्या, म्हणजे माकुळाच्या, हाडाचा भुगा एकत्र कालवून केलेलं पिठलं. पिठलं हा शब्द त्यांचाच.

आणि सोवळं! कुमुदताई देवाला हात जोडताना मी फारशा पाहिल्या नाहीत, पण त्या खोलीत जे सोवळं होतं ते पंढरीच्या बडव्यांनीही पाळलं नसेल. हाताला क्रीम नाही, केसाला तेल नाही, अंगाला सेंट नाही. डबे नुसत्या कढत पाण्यानं धुवायचे, साबणाचा थेंब नाही. एका जातीच्या डब्याला लागलेला हात दुसऱ्या जातीच्या डब्याला लावायचा नाही, मधे धुवायचा. पीएच.डी. करणारी मुलं यायची, प्रबंध लिहून जायची. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर आभारांच्या शेवटच्या ओळीत यांचं नाव, तेही बऱ्याचदा चुकलेलं. ख्रिसमसला ट्रॅम बंद, बस बंद, म्हणून त्या तासभर चालत डिपार्टमेंटला जायच्या, कारण गोगलगायींना ख्रिसमस नसतो. एकदा मी विचारलं, "तुम्ही एकदा त्या बेटावर जाऊन का येत नाही?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "तिथं जाऊन काय करू? त्या तिथं नाहीतच. आहेत त्या इथं, तिसऱ्या मजल्यावर."

आता जे सांगायचं ते सांगते. मंडळातल्या कुणालाच हे माहीत नाही.

नव्या शतकाची दोन-तीन वर्षं उलटली होती. जानेवारीत डिपार्टमेंटचं हीटिंग बंद पडलं, आणि दुरुस्तीला तीन दिवस लागतील म्हणाले. बाहेर बर्फ. कुमुदताईंनी बॉसची परवानगी काढली, अकरा डबे टॉवेलात गुंडाळले, मधे गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या आणि टॅक्सीनं घरी आणले. घरी ठेवायचे कुठे? एअरिंग कपबर्डमध्ये. इथल्या जुन्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती हे लाकडी कपाट असतं. इंग्रज त्यात टॉवेल-चादरी सुकवतात आणि आपण त्यात इडलीचं पीठ आंबवतो, दही लावतो. थंडीच्या दिवसांत मँचेस्टरात एवढी कोकणी हवा दुसरीकडे मिळत नाही.

त्याच आठवड्यात आमच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली आणि माझ्या रेशमी साड्यांना कुबट वास यायला लागला. आमचं तसलं कपाट चादरींनी आणि दह्याच्या भांड्यांनी भरलेलं. कुमुदताईंच्या घराची किल्ली माझ्याकडे असायची, माझी त्यांच्याकडे. "माझं कपाट कधीही वापर" असं त्यांनी मला पूर्वीच सांगून ठेवलेलं. त्या कामावर असताना मी गेले, माझ्या लग्नाच्या शालूसकट साड्यांचं गाठोडं खालच्या कप्प्यात ठेवलं. गाठोड्यात पुण्याहून आणलेल्या डांबरगोळ्या होत्या, मूठभर. वरच्या कप्प्यांत टॉवेलाखाली काहीतरी झाकलेलं दिसलं. मला वाटलं, इडलीचं पीठ. हलवलं तर बसेल, म्हणून मी टॉवेल उचलूनसुद्धा पाहिला नाही. शिवाय कपाटाचं दार घट्ट लावून घेतलं, ऊब जायला नको म्हणून...

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "ये." एवढंच. मी गेले तर त्या जिन्याच्या पायरीवर बसलेल्या, मांडीवर डबा. माझ्या गाठोड्याच्या बरोबर वरचा. त्यात एकोणीस गोगलगायी होत्या आणि त्या जातीचे तेवढेच जीव जगात उरलेले होते. दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात पाठवण्याइतक्या त्या अजून वाढल्याच नव्हत्या. डांबरगोळ्यांच्या वाफेनं एकोणिसातल्या सोळा गेल्या होत्या.

मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "शैला, आज मला तुझ्याशी बोलायचं नाही. साड्या घे आणि घरी जा."

तीन आठवडे त्या बोलल्या नाहीत. मला जेवण जाईना. नवरा म्हणाला, "अगं, गोगलगायीच ना त्या?" आणि मी त्याच्यावर अशी खेकसले की तो आठवडाभर माझ्या वाटेला गेला नाही. बॉसपुढे कुमुदताईंनी काय सांगितलं ते मला पुढे त्यांच्याच एका सहकाऱ्याकडून कळलं: "डबे घरी मी नेले. कपाटाला कुलूप मी लावलं नाही. चूक माझी." माझं नाव त्या खोलीत निघालंच नाही. त्यानंतर एका शुक्रवारी फोन वाजला. "उद्या ये डिपार्टमेंटला. नऊ वाजता. डोक्याला तेल लावून येऊ नकोस."

तेव्हापासून प्रत्येक शनिवारी मी डबे धुते आहे. पहिले कित्येक महिने मला फक्त रिकामे डबे मिळायचे. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. विचारायची लाज वाटायची. त्या तीन गोगलगायींच्या डब्याकडे मी मान वर करून बघतसुद्धा नसे. ही जात अंडी घालत नाही, एका वेळी एकच पिल्लू देते, आणि तेही मनात येईल तेव्हा. ऑगस्टमध्ये एका शनिवारी त्यांनी मला हाक मारली, हातात भिंग दिलं. "बघ." ओल्या टिश्यूवर मोहरीएवढं काहीतरी होतं. मग ते मोहरीएवढं काहीतरी हललं. मी रडायला लागले तशा त्या म्हणाल्या, "डब्यात नको, खारट पाणी चालत नाही त्यांना." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

रिटायर झाल्यावरही त्या बिनपगारी येत राहिल्या. शंभराच्या आसपास पोचल्यावर त्यांनी एक मोठा डबा दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात पाठवला. सगळं सोनं एका घरात ठेवू नये, म्हणाल्या. ट्रेनमध्ये डबा मांडीवर घेऊन स्वतः गेल्या, आणि परत आल्यावर दोन दिवस लेकीला सासरी पोहोचवून आलेल्या आईसारख्या गप्प होत्या.

शेवटची भेट हॉस्पिसमध्ये झाली. खूप बारीक झाल्या होत्या. मी खुर्ची ओढून बसते न बसते तोच विचारलं, "किती?"

"एकशे सात."

"मोजल्यास की अंदाज?"

"मोजल्या, कुमुदताई. दोनदा."

"मग ठीक." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुला बोलले नाही, ते बरं केलं. बोलले असते तर मनातलं सगळं बोलले असते... आणि मग तू परत आली नसतीस. मला तेव्हा डबे धुवायला माणूस हवं होतं." आणि हसल्या. एवढ्या वर्षांत माफीच्या सगळ्यांत जवळचं बोलणं ते हेच. मला ते पुरतं.

शोकसभेला मी तोच शालू नेसले. त्या सकाळपासून मी घरात डांबरगोळी आणलेली नाही, त्यामुळे शालूला कसर लागली आहे. पदराला तीन भोकं पडली आहेत. मृणालनं ती बरोबर पाहिली. "मावशी, तुझा साडीला होल्स आहेत. यू शुड यूज मॉथबॉल्स." तिचं मराठी असं, आणि नजर आईची. मी म्हटलं, "शनिवारी नऊला डिपार्टमेंटला ये. तिथं सांगते." ती आली. तेल न लावता आली, म्हणजे आईनं तेवढं सांगून ठेवलं असणार. मी तिला सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर तिनं बाह्या सरसावल्या आणि म्हणाली, "पाणी किती हॉट पाहिजे?"

कुमुदताईंचं घर आता विकायला काढलं आहे. घर बघायला येणारे एअरिंग कपबर्ड उघडतात आणि लगेच बंद करतात, त्यात काय बघायचं असतं! माझ्या घरात मात्र दही आता स्वयंपाकघरात लागतं, थंडीत धड लागत नाही, नवरा कुरकुरतो. माझ्या एअरिंग कपबर्डमध्ये टॉवेल वर, चादरी वर. खालचे दोन कप्पे मी पुसून रिकामे ठेवले आहेत. डिपार्टमेंटचं हीटिंग पुन्हा कधी बंद पडेल, सांगता येत नाही.