रविवारचा धूर

माझ्या नवऱ्याची आत्या भाईंदरच्या पुढे, डोंगरी गावात एकटी राहायची. मुंबईतल्या शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने तिथे दोन खोल्यांचं कौलारू घर घेतलं आणि घरात गॅस असताना हौसेने चूल घालून घेतली. मागे धुराडं असलेली. पत्र्याचा पाइप कौलांतून वर गेलेला. चहा गॅसवर, बाकी सगळं चुलीवर. कालवण गॅसवर नुसतं उकळतं, चुलीवर शिजतं, असं तिचं म्हणणं होतं. ते खाल्ल्यावर वाद घालायला कुणी उरत नसे.

आम्ही मीरा रोडला राहायचो. जमेल त्या रविवारी भाईंदरहून बस धरून दोघं तिच्याकडे जायचो. ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. त्या हिवाळ्यात आम्ही कधीही गेलो तरी स्वयंपाकघरात धूर कोंडलेला असायचा. आत्या खोकत भाकऱ्या थापायची आणि नवरा बंद दाराशी उभा राहून डोळे पुसायचा. शेवटी त्याने जाहीर केलं की, थंडी संपेपर्यंत या धुराचा बंदोबस्त झाला नाही तर घराला कुलूप आणि आत्या कायमची मीरा रोडला. डॉक्टरांनीही तिला धूर टाळायला सांगितलं होतं, त्यामुळे ठामपणे नाही म्हणायची तिची सोय उरली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "अरे, तू आलास की धूर होतो. एरवी माझी चूल शहाण्यासारखी वागते."

आम्ही हसलो. तो जरा कमी हसला.

मला मोघम तक्रार सहन होत नाही. धूर होतो म्हणजे कुठून होतो, कशाने होतो, हे एकाखाली एक लिहून काढलं की निम्मा धूर तिथेच कमी होतो, असा माझा अनुभव आहे. या वेळी तो चुकीचा ठरला, पण यादी चांगली झाली होती.

पहिला संशय लाकडावर. आत्या सुरूच्या फांद्या जाळायची आणि त्या ओल्या असणार, असं मी धरून चालले. वखारीतून वाळलेली लाकडं आणवली. धूर तसाच, फक्त महाग. मग पाइपातली काजळी. लांब बांबूला गोणपाट गुंडाळून नवऱ्याने पाइप साफ केला. पाइप स्वच्छ झाला, नवरा ओळखू येईना. आत्याने त्याला अंगणातच थांबवून दोन बादल्या पाणी दिलं आणि या अवतारात तुझा ऑफिसातला साहेब तुला जास्त मान देईल, असं सांगितलं. त्यानंतर कावळ्याचं घरटं, ते नव्हतं. शेवटी पाइपची उंची. पाइप कौलांच्या आढ्याहून खाली राहिला तर वारा धूर परत आत ढकलतो, हे मला पटलं होतं. म्हणून पाइपला आणखी एक तुकडा जोडला. तो आढ्याच्या वर दिमाखात दिसू लागला. खाली आम्ही खोकत होतो.

आता नवऱ्याच्या पंख्याबद्दल सांगायला हवं. दसऱ्याला त्याने आत्याला एग्झॉस्टचा पंखा भेट दिला होता, मासे तळल्याचा वास जावा म्हणून. भिंतीला भोक पाडून स्वतः बसवला होता. त्याच्याबरोबर एक नियमही दिला होता: पंखा चालू असताना खिडकी-दार बंद ठेवायचं, नाहीतर तो बाहेरचीच हवा ओढत बसतो. माझी यादी संपल्यावर त्याने सूत्रं हाती घेतली आणि मला भाईंदरच्या केबिन रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानात नेलं. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "भाभी, धुआँ ज़्यादा है मतलब पंखा छोटा है." नवऱ्याला इतका समजूतदार माणूस बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. आम्ही मोठा पंखा घेतला.

मोठा पंखा बसवला त्या दुपारी आम्ही एकमेकांना आवाजावरून ओळखत होतो. नवं मशीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो, असं नवऱ्याचं स्पष्टीकरण होतं.  आत्याने एक भाकरी तव्यावर टाकली, पदराने डोळे टिपले आणि मीरा रोडच्या आमच्या घरात तिची ट्रंक कुठे मावेल, असं मला हळूच विचारलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की, हा विनोद आता तिच्यासाठी संपत आलाय.

तेवढ्यात वीज गेली. तेव्हा विजेचा भरवसा नव्हताच.

पंख्याची पाती सावकाश थांबली. चुलीच्या तोंडातून बाहेर पसरणारा धूर क्षणभर घुटमळला आणि मागे फिरून आत गेला. जाळ धुराड्याकडे वाकला, लाकडं तडतडली. मी देवापुढची उदबत्ती उचलून पेटवली आणि चुलीच्या तोंडाशी धरली. तिची रेघ सरळ आत ओढली जात होती. नवरा म्हणाला, योगायोग. मी उदबत्ती तशीच धरून वीज यायची वाट पाहिली. वीज आली, पंखा फिरला, आणि उदबत्तीची रेघ वळून आमच्या तोंडावर आली. तिच्या मागून अख्खी चूल.

बंद खोलीतली हवा पंखा बाहेर फेकत होता. तेवढी हवा कुठूनतरी आत यायला हवी, आणि खिडकी-दार बंद असल्यावर तिला एकच वाट मोकळी होती, ती धुराड्याची. ती वरून खाली यायची आणि येताना धूर घेऊन यायची. पंखा जितका मोठा, तितका धूर जास्त.

"म्हणजे तू रोज या धुरात बसतेस?" नवऱ्याने आत्याला विचारलं.

आत्याने भाकरी उलटली. मग म्हणाली, "रोज कोण लावतंय तो पंखा? तू येणार असलास की लावते. एवढ्या प्रेमाने आणलास, बंद दिसला असता तर तुला वाईट वाटलं असतं."

पंख्याचा संशय तिला आला होता. पण त्याच्यासमोर पंखा बंद करून बघणं तिला जमेना, आणि तो गेल्यावर पंखा लावायचं कारण नव्हतं. खोकलाही रविवारी सुरू होऊन मंगळवारपर्यंत बरा व्हायचा. डॉक्टरांकडे मात्र आम्ही तिला सोमवारी नेलं होतं.

 स्टुलावर चढून नवऱ्याने पंख्याचे स्क्रू काढायला घेतले. आत्याने स्टूल धरलं. खाली न बघताच तो म्हणाला, "धुराचं सोड. पण एकटी किती दिवस राहणार आहेस तू?"

मग माझ्या लक्षात आलं की, धूर हे त्याचं निमित्त होतं. आत्याला ते माझ्या आधी कळलं असावं.

"मे महिन्यात येते पंधरा दिवस," ती म्हणाली. "पण परत सोडायला तूच यायचं."

त्याने महिना मागितला. ती पंधरा दिवसांवरून हलली नाही. पंखा खाली आला, ट्रंकेचा विषय पुन्हा निघाला नाही. भोक सिमेंटने बुजवायचा त्याचा विचार होता, तो मी हाणून पाडला. चुलीला हवा लागते. तिथे मी बारीक जाळी मारून घेतली. पुढच्या रविवारी नवरा दाराशी उभा न राहता चुलीजवळ पाट घेऊन बसला, आणि रिकामा बसलाय म्हणून आत्याने त्याच्यापुढे नारळ आणि खवणी ठेवली.