काढून ठेवलेले कपडे

"कपाटाला भूक नसते, त्याला उगाच भरवू नका," असं आशालता सगळ्यांना सांगायची. हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात तिच्या हाताखाली आलेल्या नव्या नर्सनाही ती हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत ऐकवायची. त्या हसायच्या आणि महिन्याभरात आपापली कपाटं आवरायला लागायच्या.

तासगावाकडच्या एका खेड्यातून ती सात वर्षांपूर्वी आली. लग्न केलं नव्हतं, त्याची खंतही नव्हती. एका ऋतूला एकवीस कपडे, हा तिचा नेम. बाविसावा आला की एकविसातला एक जायचा. तिला कंजूष म्हणणारे म्हणायचे, पण तिच्या अंगावरची साधी सुती कुडतीसुद्धा अशी बसायची, की चार माणसांनी वळून पाहावं.

आपल्याकडे मार्चात माठ भरतात, तिथं, दक्षिण गोलार्धात, ऋतू उलटे, मार्चात स्वेटर निघतात. मार्चातल्या तिसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात. त्या वाढीव तासात काय करायचं, हे आशालतेनं ठरवून टाकलं होतं. ती आणि सुलेखा मिळून कपाटातले कपडे बदलायच्या, उन्हाळी आत, लोकरी बाहेर. सुलेखा पुण्याची, केमिस्टच्या दुकानात फार्मासिस्ट, हिच्याहून चौदा वर्षांनी लहान. शहराच्या टोकाला, रोटोटुनाला नवं घर, नवरा हरीश, तेराची मुलगी ऋग्वेदा. एका वर्षी हिच्या घरी, एका वर्षी तिच्या घरी, असा दोघींचा रिवाज. पलंगावर जुनी साडी अंथरायची. उन्हाळी कपडे धुऊन, ऊन दाखवून, त्यांच्या घड्या घालायच्या. मलमलीच्या चिंधीत लवंगा बांधून प्रत्येक घडीत एक पुरचुंडी सारायची आणि सगळं गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात ठेवायचं, म्हणजे दमट हवा लागत नाही. त्या पुरचुंड्यांच्या गाठी आशालताच मारायची. तिची गाठ हातानं सुटत नसे. पुढच्या उन्हाळ्यात कात्रीच घ्यावी लागे.

नियम एकच होता. आपला कपडा ठेवायचा की द्यायचा, हे आपण ठरवायचं नाही. ते दुसरीनं सांगायचं. "ताई, हा रंग तुम्हाला खातो," असं सुलेखा म्हणाली की आशालता तो ब्लाऊज मुकाट काढून टाकी. स्वतःच्या भावाचंही तिनं एवढं ऐकलं नव्हतं.

म्हणून नोव्हेंबरात टौरंगा या समुद्रकाठच्या गावाहून पत्र आलं तेव्हाही तिनं सुलेखालाच विचारलं. तिथल्या एका वृद्धाश्रमात मुख्य नर्सची जागा होती. राहायला खोली, खिडकीतून बंदर दिसणारी. सात वर्षं रात्रपाळ्या केलेल्या बाईनं दुसरं काय मागावं? सुलेखानं पत्र वाचलं, घडी घातली आणि तिचे डोळे भरून आले.

"तुम्ही गेलात तर घड्याळाच्या रविवारी मी कुणाबरोबर बसू, ताई?"

आशालतेनं दुसऱ्याच दिवशी नकार कळवला. जागा डिसेंबरात भरली गेली. तिनं त्याबद्दल पुन्हा शब्द काढला नाही. उलट, आपण कुणाला एवढे हवे आहोत या विचारानं ती त्या उन्हाळ्यात जरा ताठ चालत होती.

अठ्ठ्याण्णवचा मार्च आला. सकाळी नदीवरून धुकं चढायला लागलं. ही पाळी सुलेखाच्या घरची. शनिवारी आशालतेनं फोन केला, तर सुलेखा घाईत होती.

"मी उन्हाळी कपडे काढून ठेवलेसुद्धा, ताई. तुम्ही उगाच गाडी काढू नका."

एकटीनंच उरकलं, याचं आशालतेला वाईट वाटलं. पण सुलेखाचं तपकिरी कार्डिगन तिच्याकडे कोपर शिवायला आलेलं होतं. ते द्यायचं निमित्त पुरेसं होतं. रविवारी लवंगांची डबी आणि कार्डिगन घेऊन ती गेलीच. रस्त्याच्या टोकाला नव्या घरांचं खोदकाम चाललेलं, म्हणून गाडी लांब लावून चालत गेली.

दार ऋग्वेदानं उघडलं. मम्मी दुकानात गेलीय, येईलच, असं तिनं इंग्रजीत सांगितलं. आशालता सवयीनं झोपायच्या खोलीत गेली आणि दारातच थांबली.

पलंगावर साडी अंथरलेली होती. तिच्यावर सुती कुडती, बिनबाह्यांचे कपडे, कपाटात उरलेल्या घड्यांतल्या लवंगांच्या पुरचुंड्या कात्रीनं कापून बाजूला टाकलेल्या. खाली दोन मोठ्या बॅगा आ वासून पडलेल्या. आणि भिंतीशी काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत सगळे लोकरी कपडे कोंबलेले, वर चिठ्ठी, चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानाला द्यायचे म्हणून. सगळ्यांत वर राखाडी स्वेटर होता. तो आशालतेनं विणला होता, रात्रपाळीत, दोन हिवाळे.

मराठीत काढून ठेवलं म्हणजे आवरून आत टाकलं, असं होतं. घालायला बाहेर काढलं, असंही होतं. पुण्यात आता उन्हाळा लागणार होता.

तिनं ऋग्वेदाला शांतपणे विचारलं, कधी निघणार? एप्रिलच्या चार तारखेला, कायमचं, पोरगी म्हणाली. आणि ठरलं कधी? ऋग्वेदानं आठवून सांगितलं, सप्टेंबरच्या सुट्टीत. तिकिटं तेव्हाच काढली. आंटी, तुम्हाला माहीत नव्हतं?

सप्टेंबर. आशालता बोटांवर महिने मोजत नव्हती, पण अंगठा आपोआप पेरांवरून फिरला. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर.

दूध घेऊन सुलेखा आली. आशालतेला पाहून तिनं बाटली तशीच हातात धरली. ती बोलायला लागली ते थांबेचना. हरीशच्या आईंची तब्येत, इथली थंडी, पाडवा झाला की सांगणारच होते. आशालतेनं सगळं ऐकून घेतलं.

"पत्र वाचलंस तेव्हा तुझी तिकिटं आली होती."

सुलेखानं बाटली खाली ठेवली.

"मग मला का थांबवलंस?"

"जाईपर्यंत मला कुणीतरी हवं होतं, ताई," सुलेखा म्हणाली. खोटं बोलायचा तिलाही कंटाळा आला असावा. "आणि काल फोनवर मी खोटं नाही बोलले."

"नाही. शब्द फार जपून निवडलास."

मग आशालता खाली बसली. तिनं दुरुस्त केलेलं कार्डिगन राखाडी स्वेटरवर ठेवलं, बाह्या आत दुमडल्या, पिशवीचं तोंड पिळून गोळा केलं आणि गाठ मारली. एकदा, मग वरून दुसरी. लवंगांची डबी उचलून पर्समध्ये टाकली. सुलेखानं दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला तिनं वळून पाहिलं आणि ती दाराबाहेर पडली.

दुपार कलली होती, दक्षिणेचा थंड वारा सुटला होता. अर्धवट बांधलेल्या घरांच्या कडेनं आशालता गाडीकडे चालत निघाली, पाठ ताठ, पावलं वॉर्डात टाकायची तशी, एका मापाची. सुलेखा लेटरबॉक्सपर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली. अंगात बिनबाह्यांचा सुती ड्रेस, पायांत रबरी चपला, दोन्ही दंड हातांनी घट्ट धरलेले. घरात लोकरीचं होतं ते सगळं त्या पिशवीत होतं. मागे ऋग्वेदा दारात येऊन, गाठ सुटत नाही, कात्री कुठंय म्हणून विचारत होती. सुलेखा कुडकुडत बघत राहिली, वळणापाशी ती पाठ दिसेनाशी होईपर्यंत.