शंकाताई आणि युरोपातले खून

दुधाच्या बाटलीवर छापलेल्या तारखेवर शंकाताईंचा काडीचाही विश्वास नव्हता. बाटली उघडून, नाकाशी धरून, खात्री करून मगच त्या चहात दूध घालत. आणि हे फक्त स्वतःच्या घरी नव्हे, लोकांच्याही घरी, यजमानीण समोर उभी असली तरी. ‘तारीख त्यांनी छापलीय, पोट माझं आहे,’ असं वर म्हणायच्या. नॉटिंगहॅमच्या आम्हा मराठी मंडळींनी त्यांचं हे नाव ठेवलं ते या नाकामुळेच. तोंडावर मात्र सगळे नुसतं ‘ताई’ म्हणत. आधी ‘शंका’ जोडायची छाती कुणाची नव्हती.

ताई मूळच्या नागपूरच्या, डॉक्टर. इथल्या हॉस्पिटलात बरीच वर्षं पोस्टमॉर्टेम केल्यावर त्या विद्यापीठाच्या एका प्रकल्पावर आल्या. युरोपातल्या देशादेशांतून खुनांचे आकडे मागवायचे आणि शेजारी शेजारी मांडून बघायचे, असा तो प्रकल्प. मी पुण्याहून वर्क व्हिसावर आलेली. आकडे कॉम्प्युटरवर नीट मांडायचं काम माझ्याकडे. आल्या आल्या मी अक्कल पाजळली, ‘ताई, खून म्हणजे खून. त्यात कम्पेअर करायला एवढं अवघड काय आहे?’ नासलेल्या दुधाकडे बघतात तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

उत्तर मिळालं ते मंडळाच्या गणपतीत. आमचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर. त्यांनी माइकवर जाहीर केलं, ‘यंदा दोनशे माणसं जेवली!’ टाळ्या पडल्या. टाळ्या संपायची वाट पाहून शंकाताई उठल्या.

‘माणसं मोजलीत, की ताटं?’

‘अहो ताई, एकच की ते. पेपर प्लेट्स किती संपल्या त्यावरून...’

‘आणि मसालेभात परत घेताना ज्यांनी नवीन प्लेट उचलली, ते?’

सेक्रेटरींच्या स्वतःच्या हातात तेव्हा नवी कोरी प्लेट होती. हॉलभर हशा पिकला. परतताना गाडीत ताई मला म्हणाल्या, ‘आपल्या कामात हेच आहे बघ. एक देश ताटं मोजतो, दुसरा माणसं. कुठे बॉडी सापडली की लगेच मोजतात, कुठे कोर्टात केस संपल्यावर. आणि आपले प्रोफेसर दोन्ही एका टेबलात घालून विचारणार, सांगा, कोण जास्त जेवलं?’

प्रोफेसर सज्जन इंग्रज होते, पण रिपोर्टच्या डेडलाइनने त्यांची झोप उडवली होती. एका देशाचा आकडा भलताच फुगून आला तेव्हा ते खूश झाले. वर्तमानपत्रं ही बातमी उचलून धरतील म्हणाले. ताईंनी फोन उचलला आणि त्या देशातल्या एका बिचाऱ्या कारकुनाला उलटतपासणी घेऊन घेऊन जेरीस आणलं. निघालं असं, की तिथले पोलीस खून आणि खुनाचा प्रयत्न एकाच रकान्यात धरत होते. ‘म्हणजे वाचलेली माणसंसुद्धा यांनी मारून टाकली!’ ताई म्हणाल्या. प्रोफेसरांनी आभार मानले, जरा तोंड पाडूनच.

‘फुगलेला आकडा पकडता येतो गं,’ त्या नेहमी म्हणत, ‘रोडका आकडा आला की मला धडकी भरते.’ आणि तसा एक आलाच. त्या देशात खून अगदी थोडे. पण खून, आत्महत्या की अपघात हे ठरवताच आलं नाही, असे मृत्यू मात्र ढीगभर. ताईंनी हट्ट धरला, की प्रत्येक देशाच्या खुनांशेजारी या मृत्यूंचा वेगळा रकाना हवाच. मी तो केला. इंग्रजी मथळा ठरेपर्यंत आपल्या सोयीसाठी वर मराठीत लिहिलं, ‘अकस्मात मृत्यू’. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली, हे वाक्य पेपरात वाचतच मी वाढले. हात आपोआप चालला.

ताई स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘हा शब्द काढ.’

‘का हो?’

‘मी मेडिकलला होते तेव्हा माझा धाकटा भाऊ विहिरीत सापडला. हाच शब्द लिहून पोलीस मोकळे झाले. आई विचारायला गेली की म्हणायचे, लिहिलंय ना बाई, आता काय राहिलं? अकस्मात म्हणजे अपघात, असं ठरवून टाकलं गं त्यांनी. ठरलेलं काहीच नव्हतं. तू लिही, ठरलं नाही.’

मी लिहिलं. त्यांच्या मागे केलेली सगळी थट्टा मला एकदम आठवली.

पुढच्या मीटिंगमध्ये प्रोफेसर ताईंना म्हणाले, ‘सुमती, वी आर काउंटिंग होमिसाइड्स, नॉट सस्पिशन्स.’ रकाना काढून टाकायचा, खाली तळटीप द्यायची, असं ठरलं. ताई शांतपणे म्हणाल्या, ‘देन टेक माय नेम ऑफ इट.’ त्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणं या रिपोर्टवर अवलंबून होतं, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्या मागे कॉरिडॉरमध्ये धावले.

‘ताई, तळटीप देतायत ना ते? नोकरी जाईल हो अशाने.’

‘तू वाचतेस तळटीप? खरं सांग.’

रिपोर्ट छापून आला, रंगीत आणि देखणा. त्यात तो रकाना नव्हता आणि ताईंचं नावही नव्हतं. कॉन्ट्रॅक्ट संपलं तशी त्यांनी आवराआवर केली आणि नागपूरचं तिकीट काढलं. विमानतळाच्या बसपर्यंत मी त्यांना सोडायला गेले. बस वेळेच्या आधीच निघून जाईल या संशयापायी त्यांनी मला इतक्या लवकर आणलं होतं, की बोलण्यासारखं सगळं बोलून झालं. मग मी विचारलंच.

‘ताई, राग मानू नका. पण तुमच्या भावाला कुणीतरी मारलं, याची तुम्हाला खात्री आहे ना?’

ड्रायव्हरने बॅग खरंच आत ठेवली का, हे त्यांनी वाकून पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

‘नाही गं,’ त्या म्हणाल्या, ‘कधीच नव्हती. म्हणून तर तो रकाना हवा होता.’