तोंडाला साबण

माझ्या चष्म्याच्या दुकानाला लागून केस कापायचं दुकान आहे. त्याच्या मालकाला सगळी गल्ली रेडिओ म्हणते. सकाळी शटर वर गेलं की हा सुरू होतो आणि शटर खाली येईपर्यंत थांबत नाही. गिऱ्हाइकाने तोंड उघडायचा अवकाश, वाक्य हा पुरं करतो. एकदा एक गृहस्थ "मागचे केस जरा" एवढंच म्हणाले. रेडिओने "बारीक" जोडलं आणि कापूनही टाकले. त्यांना "राहू द्या" म्हणायचं होतं. माणूस सोन्यासारखा आहे, पण हे मी त्याच्या तोंडावर म्हणणार नाही, कारण मग त्यावरही तासभर ऐकावं लागेल.

त्याची मुलगी भिंगरी. हे नाव आईनेच ठेवलेलं, कारण एका जागी बसणं हा प्रकार पोरीला ठाऊकच नव्हता. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे आणि स्वतः दुकानातल्या फिरत्या खुर्चीवर गरगर. बोलण्यात बापाची लेक. पण पुस्तक उघडलं की तोंडाला कुलूप. ओळ गाळायची, अक्षरं उलटसुलट करायची, जोडाक्षर दिसलं की पान उलटायची. वर्गातली मुलं हसायला लागली तेव्हा तिने मोठ्याने वाचणं सोडूनच दिलं.

रेडिओ तिला घेऊन आधी माझ्याकडे आला. "नंबर लागलाय हिला. मोबाइल, दुसरं काय! तू फक्त फ्रेमा दाखव."

मी डोळे तपासले. पोरीला समोरच्या गच्चीवरचं मांजर स्वच्छ दिसत होतं, आणि तपासणीभर ती माझा तक्ता सोडून मांजराकडेच बघत होती. "डोळे उत्तम आहेत," मी म्हटलं. "हे काचेने सुटणारं नाही. नीट कुठेतरी दाखव." तो माझ्यावर इतका चिडला की चार दिवस बोलला नाही. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

वहिनींनी मात्र ऐकलं. रेडिओची बायको म्हणजे आमच्या वहिनी, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला. दिवसभर पुस्तकं शिवायची आणि घरी लेकीने पुस्तक भिरकावलेलं बघायचं. त्यांनी रजा टाकून मुलीला दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या आणि कळलं ते असं, की पोर चांगली हुशार आहे. फक्त लक्ष एका जागी धरणं आणि अक्षरं ओळखणं तिला इतरांपेक्षा जड जातं. आळस नाही, हट्ट नाही. मग थेरपी सुरू झाली. दर आठवड्याला वहिनी तिला घेऊन जायच्या आणि थेरपिस्टबाई सांगतील ते घरी करून घ्यायच्या. जोडाक्षर बोटाने मऊ कशात तरी गिरवायचं, म्हणजे ते हाताच्या लक्षात राहतं. खुर्चीवर हलत-डुलत वाचलं तरी हरकत नाही. रोज थोडं मोठ्याने वाचायचं. आणि ती अडली तर शब्द सांगायचा नाही, थांबायचं.

गाडी इथेच अडली. "थांबायचं" हा शब्द रेडिओच्या घराण्यात कुणी ऐकलेला नव्हता. पोरगी "पा" म्हणाली की हा "पाऊस, पाऊस!" ओरडायचा. "पाखरू" असायचं. तिने पुस्तक मिटलं की हा हात जोडून विनवायचा. शेवटी वहिनी म्हणाल्या, "अहो, परीक्षा कुणाची आहे? तुमची का तिची?"

परीक्षा खरंच होती. शाळेचा निरोप आला होता, की वर्ष संपताना भिंगरीने मुख्याध्यापकांसमोर एक नवं पान स्वतः वाचायचं. वाचलं तर मैत्रिणींबरोबर वरच्या वर्गात, नाहीतर आहे त्याच वर्गात पुन्हा. भिंगरीने आईला एवढंच विचारलं, "मी मागे राहिले तर त्या माझ्याशी खेळतील का गं?" वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा मला शाळेचा मनस्वी राग आला. तो अजून गेलेला नाही.

तोड निघाली ती माझ्या गालावर. एका संध्याकाळी मी दाढीला बसलो होतो. रेडिओने माझ्या तोंडाला भरघोस साबण लावला आणि फोन घ्यायला बाहेर गेला. शेजारच्या खुर्चीवर भिंगरी डावी-उजवीकडे हेलकावे घेत जुनं मासिक चाळत होती. काय वाटलं कोण जाणे, वाचायला लागली. एका शब्दाला अडली. माझ्या जिभेवर शब्द आला, पण ओठ उघडले असते तर साबण पोटात गेला असता. मी गप्प. ती उठली, माझ्या गालावरच्या फेसात बोटाने ते जोडाक्षर गिरवलं, पुटपुटली आणि शब्द बरोबर वाचला. मग पुढचाही. रेडिओ दारात उभा राहून बघत होता. त्याने खिशातला कंगवा काढला आणि दातात धरला, तोंड उघडू नये म्हणून.

त्या दिवसापासून दुकानाची रीतच बदलली. साबण लागला की गिऱ्हाइकाने ऐकायचं. भिंगरी वाचायची, रेडिओ कंगवा चावत दाढी करायचा. कामावरून परतताना वहिनी यायच्या आणि आरशावर फेस फासून उद्याची जोडाक्षरं लेकीकडून गिरवून घ्यायच्या. सुरुवातीला एका ओळीत माझ्या तोंडावरचा साबण वाळून कडक व्हायचा. एकाने कुरकूर केली, "दाढी करायला आलोय का प्रवचनाला?" रेडिओने कंगवा न काढता त्याच्या नाकापर्यंत फेस चढवला. हळूहळू पान सरायला लागलं. लोक उरलेली गोष्ट ऐकायला दाढी नसतानाही यायला लागले.

परीक्षेच्या दिवशी रेडिओ आणि वहिनी भिंगरीला घेऊन निघाले, आणि रेडिओने मलाही ओढून नेलं. "मी बोलायला लागलो तर माझ्या पायावर पाय दे." तिथूनच त्याला एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची दाढी करायला जायचं होतं, म्हणून सामानाची पिशवी खांद्याला होती. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. फार मायाळू होते, हाच घोटाळा झाला. भिंगरीने पहिला शब्द सुरू केला आणि त्यांनी तो पुरा केला. दुसरा शब्द, पुन्हा तेच. "हां बाळा, किनाऱ्यावर. पुढे?" भिंगरीने पान मिटलं. रेडिओ दातातला कंगवा करकर चावत होता. इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात चालली होती.

तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "सर मध्येच बोलतात. त्यांना साबण लावा."

रेडिओ मान खाली घालून उभा. आणि कधी आवाज न चढवणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "सर, तिचं बरोबर आहे. तिला थांबणारी माणसं लागतात." मग रेडिओकडे वळल्या, "अहो, काढा ब्रश."

मुख्याध्यापकांनी गालावरून हात फिरवला. "लाव बाबा," ते म्हणाले, "तशीही सकाळी राहूनच गेली दाढी."

रेडिओने असा साबण आयुष्यात कुणाला लावला नसेल. तो परत माझ्या शेजारी येताच मी त्याच्या पायावर पाय दिला. भिंगरीने पान उघडलं. एका जागी उभी राहीना, पाय बदलत, डुलत वाचत होती. एका रखवालदाराची गोष्ट होती. मध्ये "दीपस्तंभ" आला. "दीप," ती म्हणाली आणि थांबली. कुणी हललं नाही. मुख्याध्यापकांचे ओठ फेसाखाली वळवळले आणि मिटले. भिंगरी चालत त्यांच्याजवळ गेली, त्यांच्या गालावर बोटाने "स्तं" काढलं, एकदा बघितलं. "दीपस्तंभ!" आणि मग थांबली ती एकदम पानाच्या तळाशीच.

तिने पिशवीतला छोटा आरसा काढून त्यांच्यासमोर धरला, बाप प्रत्येक दाढीनंतर धरतो तसा. "बघा, जमलंय का?"

मुख्याध्यापकांनी आरशात गालावरचं ते अक्षर बघितलं. फेस असतानाही बोलले. "जमलंय, बाळा. जा मैत्रिणींबरोबर."

वहिनींनी लेकीला घट्ट जवळ घेतलं आणि तिथेच रडायला लागल्या. मी रेडिओच्या पायावर दिलेला पाय काढला. "आता बोल की," मी म्हटलं.

त्याने तोंडातून कंगवा काढला. कंगव्याचे मधले दात पार तुटले होते. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी वस्तरा घेतला आणि एक अक्षर न बोलता मुख्याध्यापकांची दाढी केली. ते अक्षर असलेला गाल त्याने सगळ्यात शेवटी घेतला.